पाहुण्याआधी अक्का

पाहुण्याच्या खुर्चीवर पाहुण्याआधी बसून घेणारं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं. त्या आमच्या अक्का. बाहेरगावचा वक्ता येणार असला, की आदल्या शनिवारी दुपारी त्या चर्चमध्ये यायच्या आणि व्यासपीठावरच्या सगळ्या खुर्च्यांवर पाळीपाळीने बसायच्या. मागे रेलायच्या, जरा डुलायच्या, खुर्चीच्या हातांवर हात ठेवून तोंडावर वक्त्याचा गंभीर भाव आणायच्या. मग एका खुर्चीवर आपला रुमाल टाकून जाहीर करायच्या, "हिच्यावर बसवायचं. बाकीच्या कुरकुरतात." टेबलावर ठेवायच्या पेल्यातलं पाणीसुद्धा त्या आधी पिऊन बघायच्या. चर्चचा म्हातारा तमिळ माळी हे सगळं दारातून बघत उभा असायचा. त्याला बिचाऱ्याला बरीच वर्षं वाटत होतं, की भाषण अक्काच करतात.

वक्ता उतरायचाही त्यांच्याच घरी. बंगलोरच्या मर्फी टाउनात त्यांच्या दोन खोल्या होत्या, त्यातली पुढची खोली पाहुण्याची असं जणू ठरूनच गेलं होतं. एरवी अक्का मागच्या खोलीत मुलीशेजारी चटईवर झोपायच्या. पण पाहुणा यायच्या आदल्या रात्री पुढच्या खोलीतल्या बाजेवर त्या स्वतः झोपायच्या आणि सकाळी निकाल सांगायच्या. "डावीकडचा सुंभ सैल झालाय," किंवा "पहाटे खिडकीतून गार लागतं, आणखी एक घोंगडी." मी एकदा म्हटलं, "अक्का, एका रात्रीचा तर प्रश्न असतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वचन मोडायला निघाले होते. "आपल्याला बोचलं, तर पाहुण्याला बोचणारच," त्या म्हणाल्या. "पाहुणा बोलत नाही, एवढंच."

मी लग्न करून नगरहून बंगलोरला आले ती छपन्न-सत्तावन्नच्या सुमारास. आमचे हे विमानाच्या कारखान्यात होते. आमची मराठी मंडळी म्हणजे जेमतेम तीस-चाळीस घरं. कुणी नगरचं, कुणी सोलापूरचं, कुणी मिरजेकडचं. चर्चही आमचं नव्हतं. सकाळी तिथे इंग्रजी उपासना व्हायची, मग तमिळ, आणि दुपारी तीन वाजता, बाकं चांगली तापल्यावर आमची. पहिल्याच रविवारी एक उंच, काटक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सलाम. काय येतं तुला?" मी गोंधळून म्हटलं, "पेटी वाजवता येते थोडी." "सरी. मग तू पाहुण्यांच्या कमिटीत," म्हणाल्या, आणि निघूनही गेल्या. माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी वापरलं नाही. मला तीन मुलं झाली, केस पिकायला लागले, तरी अक्कांच्या लेखी मी 'नवरी'च.

त्यांचे यजमान लढाईच्या वर्षांत लष्करी कचेरीत नोकरीला म्हणून इथे आले आणि इथेच वारले. मागे अक्का आणि लहानगी कृपा. कोल्हापूरकडचं माहेर परत बोलावत होतं, पण अक्कांनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी धरली आणि इथेच राहिल्या. इतकी वर्षं राहून त्यांच्या मराठीत कानडी पाझरलं होतं. होकार द्यायला "सरी," काम झालं, की "आयितु" म्हणायच्या. घाई करणाऱ्याला "स्वल्प थांब." कुणाच्या हातून कप फुटला, तर "परवागिल्ला," म्हणजे जाऊ दे, काही बिघडलं नाही. हा शेवटचा शब्द मात्र त्या इतक्या करड्या आवाजात म्हणायच्या, की कप फोडणारीला दुसरा आणून द्यावासा वाटायचा.

वर्षभरातला त्यांचा खरा सण म्हणजे मिशन रविवार. दूर डोंगराळ मुलखात कुठे दवाखाना, कुठे शाळा चालवणारं कुणीतरी त्या दिवशी पाहुणा वक्ता म्हणून यायचं. अक्कांची तयारी महिनाभर आधी सुरू व्हायची. पाहुणा कुठला, तिखट किती खातो, चहा घेतो की कॉफी, हे सगळं त्या काढून ठेवायच्या. खानदेशाकडच्या एका पाळकांना आमच्या खजिनदारबाईंनी हौसेने रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, वाढला होता आणि ते बिचारे तो चावत बसले होते. गिळायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पाहुण्याच्या ताटात काय जाणार हे फक्त अक्का ठरवायच्या.

मिशनच्या भाषणाचा शेवट सगळीकडे सारखाच असतो. वक्ता सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो, पेटीवर हळू सूर धरायला सांगतो, आणि म्हणतो, "प्रभूच्या सेवेला जायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी आपल्या जागी उभं राहावं." मग मंडळी गीत म्हणते आणि वक्ता वाट बघतो. मी पेटीवर नवशिकी, पट्ट्या बघायला माझे डोळे उघडेच असायचे, त्यामुळे मला सगळं दिसायचं. एका वर्षी कोकणातले एक वयस्कर गृहस्थ आले होते. आयुष्यभर एका खेड्यातली शाळा सांभाळलेले, शांत. त्यांनी हाक दिली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, शेवटचं आम्ही पुन्हा म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं. कुणी उठलं नाही. उठणार तरी कोण? सगळे कारखान्यातले, सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हायचे. त्या गृहस्थांनी चष्मा पुसला आणि आशीर्वाद देऊन टाकला. नंतर चहाला अक्कांनी केलेल्या केकाला आणि करंज्यांना त्यांनी हात लावला नाही. डोकं दुखतंय म्हणाले. रात्री घरीही नुसता दूधभात खाल्ला.

हे अक्कांच्या मनाला फार लागलं. "माझ्या घरून पाहुणा उपाशी गेला गं, नवरी," त्या वर्षभर म्हणत राहिल्या.

पुढच्या वर्षी सातपुड्यातल्या एका मिशन दवाखान्याचे डॉक्टर येणार होते. कमिटी अक्कांच्या पुढच्या खोलीत भरली. अक्का, पाळकीणबाई, खजिनदारबाई आणि मी. खाणंपिणं ठरलं, आणि अक्कांनी बाजेवर थाप मारून सांगितलं, "यंदा कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे."

पाळकीणबाई दबकत म्हणाल्या, "अक्का, ते पवित्र आत्म्याचं काम आहे."

"गेल्या वर्षी त्याच्यावरच सोपवलं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाने केकाला हात लावला नाही."

मग उभं कुणी राहायचं याची चर्चा सुरू झाली. खजिनदारबाईंच्या यजमानांना उभं राहिलं की चक्कर यायची. मी आमच्या ह्यांचं नाव सुचवलं. अक्का पटकन म्हणाल्या, "नको. ते खरंच जायचे आणि तू माझ्या गळ्यात पडायचीस." आम्ही सगळ्या हसलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "माझी कृपा राहील उभी. तिसऱ्या कडव्याला उठायचं, पहिल्याला उठलं तर ठरवून उठल्यासारखं दिसतं. प्रार्थना होऊ द्यायची आणि बसायचं. पाहुण्यांनी विचारलंच, तर प्रार्थना करून कळवते म्हणायचं. पाहुण्याला बरं वाटेल, आपलं काय जातंय? आयितु."

कृपा तेव्हा एका दवाखान्यात नर्स होती. आईसारखी उंच, पण आईच्या एक दशांशही बोलायची नाही. टेलिफोनच्या कारखान्यातल्या सोलापूरच्या एका मुलाशी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा चांगला होता, आणि मुख्य म्हणजे अलसूरला राहणारा होता. "जावई हाकेच्या अंतरावर," हे अक्का येईल त्याला सांगायच्या. एवढ्या कडक बाई, पण ते सांगताना लहान मुलीसारख्या खुलायच्या. नवऱ्यामागे एकटीने वाढवलेलं एकुलतं एक लेकरू लग्नानंतरही जवळ राहणार, याहून जास्त काही त्यांना आयुष्याकडून नको होतं.

रविवार उजाडला. डॉक्टर अक्कांनी निवडलेल्या खुर्चीवर बसले, ती कुरकुरली नाही. रापलेला चेहरा, हळू आवाज. त्यांनी फार काही सांगितलं नाही. एका बाळंतिणीला झोळीतून दोन डोंगर ओलांडून आणलं, आणि त्या दिवशी दवाखान्यात तिच्याजवळ बसायला एकही बाईमाणूस नव्हतं, एवढंच सांगितलं. मग डोळे मिटायला सांगितले, माझ्याकडे पाहून मान हलवली. मी भाता ओढला, पण बोट अजून पट्टीवर पडलं नव्हतं तोच कृपा उभी राहिली.

अक्कांनी एक डोळा उघडला आणि कपाळाला आठी घातली. मलाही वाटलं, पोरगी घाबरून कडवं चुकली. गीत संपलं, डॉक्टरांनी प्रार्थना केली, 'आमेन' झालं. आता तिने बसायचं होतं. ती बसेना. अक्कांनी तिचा पदर हळूच ओढला. "बस आता," हे त्यांच्या ओठांवरून मला पेटीमागून वाचता आलं. कृपाने पदर सोडवून घेतला आणि ती चालत पुढे डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. पदर सुटलेला हात अक्कांनी कितीतरी वेळ तसाच धरला होता.

चहाच्या वेळी डॉक्टरांनी केक दोनदा मागून घेतला. अक्का वाढत होत्या. "आणखी घ्या, लाजू नका," असं सगळं रीतसर म्हणत होत्या. मी जवळ गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघ, पाहुणा जेवला."

संध्याकाळी मी त्यांच्या ताटल्या परत करायला गेले. डॉक्टर पाळकांकडे गेले होते आणि मायलेकी मागच्या खोलीत होत्या. मला परत फिरायला हवं होतं, पण अक्कांनीच हाक मारली. "ये, नवरी, तूही ऐक. मी सांगितलं म्हणून ही उभी राहिली. आता मीच सांगतेय, बस म्हणून."

कृपा खाली बघत म्हणाली, "आई, दोन वर्षं माझ्या मनात होतं. तुला एकटीला टाकून कसं जायचं, म्हणून बोलले नाही. तू केकासाठी सांगत होतीस, ते मला कळत होतं. तरी तू उभी राहा म्हणालीस, आणि मला वाटलं, तू मला मोकळं सोडलंस."

अक्कांनी माझ्या हातातल्या ताटल्या घेतल्या, पुसलेल्याच होत्या त्या पुन्हा पुसल्या, आणि फळीवर रचून ठेवल्या.

सोलापूरच्या मुलाला पाळकांनी समजावलं. पावसाळ्यानंतर रस्ते उघडले, तेव्हा कृपा निघाली. बरोबर जाऊन सगळी व्यवस्था बघून यायचं अक्कांच्या मनात होतं, पण कृपाने हात जोडले. "आई, तू आलीस तर मला घेऊनच परत जाशील." ते खरंच होतं. सिटी स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. अक्कांनी शिवलेली गोधडी, डबा, फिरकीचा तांब्या, सगळं दोनदा मोजून झालं. गाडी हलली तशी अक्का खिडकीला धरून चालायला लागल्या आणि ओरडल्या, "अगं, तिथली बाज कसली आहे?" कृपाने काहीतरी उत्तर दिलं, पण शिट्टीत ते ऐकू आलं नाही.

त्यानंतरही अक्कांनी एकही मिशन रविवार चुकवला नाही. खुर्चीवर बसणं, पाणी पिऊन बघणं, सगळं पहिल्यासारखंच. फक्त हाकेच्या वेळी कुणाला उभं करायचं ही गोष्ट कमिटीत पुन्हा निघाली नाही. एकदा एका नव्या बाईंनी ती काढली. अक्का म्हणाल्या, "नको. ते खरंच होऊन बसतं," आणि करंज्यांकडे वळल्या. कृपाची पत्रं यायची. आई, मी मजेत आहे. आई, बाज बरी आहे. अक्का ती मला वाचून दाखवायच्या आणि घडी घालता घालता म्हणायच्या, "बरीच म्हणणार ती." एका शनिवारी व्यासपीठावरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, समोर मी एकटीच असताना, त्या एकदम बोलल्या. "किती परक्यांच्या बाजेवर मी आधी निजून बघितलं गं, नवरी. पोटच्या पोरीला मात्र तशीच पाठवली." मी पेटी पुसत होते, पुसतच राहिले.

कृपा मधल्या काळात दोनदा येऊन गेली, घाईघाईने. पुढे, साठ सालही बरंच मागे पडल्यावर, पाळकांनी सुचवलं, की या मिशन रविवारी कृपालाच बोलावू. आम्हाला वाटलं, अक्का हुरळून जातील. त्या म्हणाल्या, "सरी. म्हणजे ती पाहुणी. कमिटी बोलवा."

आणि खरोखर त्यांनी कमिटी भरवली. पाहुणी तिखट किती खाते, यावरसुद्धा चर्चा झाली. खजिनदारबाईंना हसू आवरेना, पण अक्का गंभीर होत्या. तोवर त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि गुडघे धरले होते, तरी सगळ्या खुर्च्यांवर बसून झालं. आदल्या रात्री पुढच्या खोलीतल्या बाजेवर झोपून झालं. कृपा आली ती वाळलेली, काळवंडलेली, कानाजवळ दोन पांढऱ्या बटा. तिने पिशवी मागच्या खोलीत नेऊन टाकली, तर अक्कांनी ती उचलून पुढे आणली. "पाहुण्यांनी पुढच्या खोलीत." रविवारी सकाळी मी दूध घेऊन गेले, तेव्हा पुढच्या बाजेवरची चादर जराही चुरगळलेली नव्हती. मायलेकी मागे एकाच चटईवर झोपल्या होत्या.

कृपाचं बोलणं तिच्यासारखंच होतं, थोडं. शेवटी तिने डोळे मिटायला काही सांगितलं नाही. म्हणाली, "नर्सच हवी असं नाही. आजाऱ्याबरोबर लांबून माणसं येतात, दिवसदिवस झाडाखाली उपाशी बसून राहतात. त्यांना या, बसा म्हणणारं, चार घास घालणारं कुणी आलं, तरी खूप होईल." मी पेटी सुरू केली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कुणी उठलं नाही. मला कोकणातले ते गृहस्थ आठवले.

तिसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतलं बाक वाजलं. समोरच्या कठड्यावर एक हात टेकून अक्का उभ्या राहत होत्या.

आम्हाला सगळ्यांना एकच वाटलं. पाहुणीला ओशाळं वाटू नये, म्हणून अक्का उठल्या. लोक एकमेकांकडे बघून मायेने हसले. कृपासुद्धा हसली. तिने प्रार्थना केली, आमेन झालं, पण अक्का उभ्याच. मग ती खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "आई, बस आता. परवागिल्ला."

"नाही बसत," अक्का म्हणाल्या. सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

सातपुड्याला जायच्या निश्चयावरून त्यांना हलवणं कृपाला जमलं नाही, पाळकांनाही नाही. महिन्याभरात त्यांनी मर्फी टाउनातल्या खोल्या सोडल्या. शिवणयंत्र तेवढं बरोबर घेतलं, बाकी भांडी आम्हा बायकांत वाटली. सिटी स्टेशनवर पुन्हा आम्ही सगळे जमलो. मी रडत होते, मला लाज वाटत नव्हती. माझी आई नगरला, आणि इथली आई ही अशी निघालेली. अक्कांनी कमरेचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, डोळे पुसायला. "पुसू नकोस त्याने," त्या म्हणाल्या, "खुर्चीवर टाकायचाय." मग खिडकीत बसून म्हणाल्या, "बरं, नवरी. जाऊन बघते, बाज बोचते का."

पुढच्या मिशन रविवारच्या आदल्या दिवशी मी एकटीच चर्चमध्ये गेले. दार लावून घेतलं, कारण मला संकोच वाटत होता, आणि खुर्च्यांवर एकेक करून बसले. अक्कांनी नेहमी निवडलेली खुर्चीसुद्धा आता कुरकुरायला लागली होती. मी दुसरी शोधली, तिच्यावर रुमाल टाकला आणि घरी आले, तर दारात सातपुड्याचं कार्ड पडलेलं. अक्कांचं अक्षर, शिवणीच्या टाक्यांसारखं, सुटंसुटं. सलाम नाही, खुशाली नाही. नुसतं लिहिलं होतं, 'बोचत होती. इतकी वर्षं पोरगी बोलली नाही. सुंभ बदलला.'